हिरवं बटण

गेल्या शनिवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. शनिवारी इतक्या सकाळी मला फोन करायची हिंमत दोघांचीच, आई आणि बापू. आईशी आदल्या रात्रीच बोलणं झालं होतं, म्हणजे बापू.

"उठलास का रे? एक सांग, ते अ‍ॅक्सेप्टचं बटण तुम्ही लोकांनी हिरवंगार आणि एवढं मोठं का केलंय?"

मी डोळे चोळत होतो. कुठलं बटण, कसलं बटण, काही कळेना. मग त्याने स्क्रीनचं वर्णन केलं आणि माझी झोप खाडकन उडाली. ते बटण मीच केलं होतं!

आधी बापूची ओळख करून देतो. बापू मिरजेचा. कॉलेजपासूनचा मित्र, आणि अमेरिकेतली पहिली दोन वर्षं माझा रूममेट. १९९९ साली वायटूकेच्या लाटेत आम्ही दोघेही इथे आलो. पुढे वीस-बावीस वर्षं तो टेस्टिंगमध्ये होता. माणूस हाडाचा टेस्टर. हॉटेलात गेला तर मेनू कार्डातल्या स्पेलिंगच्या चुका काढणार. २०२३ मध्ये त्याची नोकरी गेली. वर्षभर मुलाखती दिल्या, काही जमलं नाही. एक दिवस म्हणाला, "पुरे झालं. मी ट्रक चालवणार." आम्ही सगळे हसलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत, त्यांना आधीच माहीत होतं. बापूने लर्नरचं परमिट काढलं, ट्रेनिंग स्कूलला गेला, क्लास ए लायसन्स मिळवलं, एका कंपनीत लागला, काही आठवडे ट्रेनरबरोबर फिरला, आणि आता दोन महिने झाले, एकटा अठरा चाकं घेऊन फिरतोय. ऐंशी हजार पौंडांचा ऐवज. आमच्यापैकी कुणी हसत नाही आता.

आणि मी? मी सहा वर्षं अशा एका कंपनीत होतो जी ट्रकमधल्या टॅबलेटसाठी सॉफ्टवेअर बनवते. नाव सांगत नाही. ड्रायव्हरचा लॉग आणि डिस्पॅचरचे मेसेज, दोन्ही एकाच टॅबलेटवर. चार वर्षांपूर्वी ती नोकरी सोडली. पण बापूच्या ट्रकमध्ये नेमका तोच टॅबलेट निघावा, याला काय म्हणायचं!

तर झालं असं. पण त्याआधी थोडं नियमांबद्दल सांगितल्याशिवाय गोष्ट कळणार नाही. कंटाळू नका, यातच सगळी गंमत आहे.

अमेरिकेत माल वाहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरने किती तास गाडी चालवावी यावर १९३० च्या दशकापासून नियम आहेत. आजचा हिशोब साधारण असा: सलग १० तास विश्रांती झाली की नवा दिवस सुरू. त्या दिवसात जास्तीत जास्त ११ तास चालवायचं. पण ते ११ तास कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत संपवायचे. हे १४ तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की तुम्ही जेवा, ट्रॅफिकमध्ये अडका, गोदामाबाहेर माशा मारत बसा, ते चालूच. शिवाय आठ तास चालवलं की अर्ध्या तासाचा ब्रेक. आणि सगळ्यावर कळस म्हणजे आठ दिवसांत ७० तासांच्या वर काम झालं की चालवणं बंद. सलग ३४ तास सुट्टी घेतली की ती पाटी कोरी होते.

पूर्वी हे सगळं कागदावर असायचं. चोवीस तासांचा आलेख, त्यावर चार ओळी: ऑफ ड्यूटी, स्लीपर, ड्रायव्हिंग, आणि ऑन ड्यूटी पण न चालवता. ड्रायव्हरने पट्टी-पेन्सिल घेऊन रेघ ओढायची. ती रेघ किती खरी असायची हे यावरून ओळखा, की ड्रायव्हर लोक त्या वहीला कॉमिक बुक म्हणायचे! मग २०१२ साली काँग्रेसने कायदा केला, डिसेंबर २०१५ मध्ये अंतिम नियम आला, आणि १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. जुन्या पद्धतीच्या यंत्रांना आणखी दोन वर्षांची सवलत होती, तीही डिसेंबर २०१९ मध्ये संपली.

हे यंत्र, म्हणजे ईएलडी, ट्रकच्या इंजिनाला जोडलेलं असतं. गाडीचा वेग ताशी पाच मैलांवर गेला की ते स्वतःच 'ड्रायव्हिंग' लावतं, ड्रायव्हरला विचारत नाही. गाडी पाच मिनिटं थांबली की विचारतं, "अजून चालवताय का?" मिनिटभरात उत्तर आलं नाही तर आपलं आपण 'ऑन ड्यूटी' करून टाकतं. चालवण्याची जी वेळ त्याने स्वतः नोंदली ती नंतर दुरुस्तीत कमी करता येत नाही. झालं, कॉमिक बुक संपलं. असं सगळ्यांना वाटलं, मलाही.

पण नीट विचार करा. यंत्राला खात्रीने काय कळतं? चाकं फिरताहेत की नाही, एवढंच. चाकं थांबली की माणूस काय करतोय हे त्याला कळत नाही. तो झोपलाय, जेवतोय, की तीस पॅलेट उचलतोय? ते ड्रायव्हरने सांगायचं. म्हणजे चार ओळींपैकी एक यंत्राची, उरलेल्या तीन अजूनही माणसाच्या शब्दावर. आणि थकवा नेमका त्या तीन ओळींत साठतो.

आता बापूची गोष्ट.

बुधवारी तो पहाटे पाचला आर्कान्साच्या फोर्ट स्मिथमध्ये कामाला लागला. अर्धा तास गाडीची तपासणी, साडेपाचला निघाला, साडेआठला ओक्लाहोमा सिटीत एका किराणा मालाच्या गोदामात पोचला. अर्धा माल तिथे उतरवायचा, उरलेला अल्बुकर्कीला. रस्ता सरळ, इंटरस्टेट ४०, पश्चिमेकडे नाक करून चालत राहा. पण गोदामवाले म्हणाले, पॅलेट आम्हाला हव्या त्या उंचीत नाहीत, पुन्हा रचून द्या. हमाल लावायचे तर पैसे, ते कोण देणार यावर कंपनीशी बोलणी, तोवर बापूनेच बाह्या सरसावल्या. साडेआठ ते दीड. पाच तास. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पाठीला पट्टा बांधून.

या पाच तासांत त्याने लॉगवर बरोबर नोंद ठेवली होती: ऑन ड्यूटी. आणि शहाण्या मुलासारखा दहा-चाळीसला डिस्पॅचरला मेसेजही टाकला होता, की पॅलेट रचतोय, उशीर होईल.

दीड वाजता निघाला तेव्हा हिशोब असा होता. ११ पैकी ३ तास वापरलेले, ८ शिल्लक. पण १४ तासांची खिडकी संध्याकाळी सातला बंद होणार. म्हणजे प्रत्यक्षात साडेपाच तासच चालवता येणार. तेवढ्यात तो तुकमकारीच्या अलीकडे कुठेतरी पोचला असता, दहा तास झोपला असता, आणि सकाळी आठला अल्बुकर्कीला लागला असता. डिलिव्हरीची वेळ मात्र सकाळी सहाची. (तिथल्या घड्याळात पाच. पण लॉग घरच्या टर्मिनलच्या वेळेवरच चालतो, म्हणून बापूही आता सगळं सेंट्रल टाइममध्येच बोलतो. ॲरिझोनात उभा राहूनसुद्धा.) दोन तासांचा उशीर. गोदामाची वेळ चुकली की पुन्हा कधी मिळेल ते देव जाणे.

एवढ्यात टॅबलेट किणकिणला. डिस्पॅचरचा मेसेज. भाषा एकदम गोड. "तुझी डॉकवरची वेळ ऑफ ड्यूटीला टाकली आहे. अ‍ॅक्सेप्ट कर, म्हणजे सकाळची डिलिव्हरी बसेल. चांगलं काम करतोयस!" पाठोपाठ लॉगच्या स्क्रीनवर पाटी आली: कंपनीने एक बदल सुचवला आहे. खाली दोन बटणं. अ‍ॅक्सेप्ट, हिरवं आणि ऐसपैस. रिजेक्ट, करड्या रंगाचं, बारकं, कोपऱ्यात.

बापूने काय केलं असेल? तुम्ही-आम्ही सॉफ्टवेअरच्या अटी न वाचता जे करतो तेच. दाबलं. वर "ओके, थँक यू" असा मेसेजही पाठवला.

याने काय झालं ते समजून घ्या, कारण इथेच खरी मेख आहे. २०२० च्या सप्टेंबरात नियम थोडे सैल झाले. विश्रांतीचे १० तास दोन तुकड्यांत घेता येतात: एक तुकडा निदान सात तासांचा, स्लीपरमध्ये, दुसरा निदान दोन तासांचा, ऑफ ड्यूटी किंवा स्लीपर, आणि दोघांची बेरीज दहा किंवा जास्त. असे दोन तुकडे जुळले की ते १४ तासांच्या खिडकीत धरत नाहीत. नियम चांगला आहे. ड्रायव्हर खरोखर झोपला असेल तर गोदामाबाहेरचे पाच तास वाया जात नाहीत. पण बापू झोपला नव्हता, तो पॅलेट रचत होता! एका बटणाने त्याची पाच तासांची हमाली पाच तासांची विश्रांती झाली. खिडकी सातवरून मध्यरात्रीवर गेली. आठही तास मोकळे झाले. रात्री फक्त सात तास झोप पुरे. यंत्राच्या लेखी सगळं हिरवं, कायदेशीर.

साडेआठच्या सुमारास, सांता रोझा ओलांडल्यावर, बापूला आठवतं ते एकदम खडखडाट. रस्त्याच्या कडेला ज्या खाचा असतात ना, चाक घसरलं की आवाज व्हावा म्हणून, त्यावर उजवी चाकं गेली होती. त्याआधीची मिनिटं-दीड मिनिटं त्याच्या डोक्यातून गायब. पहाटेपासून सोळा तास झाले होते जागा होऊन.

"काही झालं नाही," तो म्हणाला. "पुढच्या एक्झिटला उतरलो आणि झोपलो. सकाळी उशिरा पोचलो. कुणी फारसं ओरडलंही नाही." मग थांबून म्हणाला, "मागे एक मिनी व्हॅन होती रे. आरशात दिसत होती."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

आता त्या बटणाबद्दल. नियम असा आहे की कंपनीने लॉगमध्ये बदल सुचवावा, पण ड्रायव्हरने मान्य केल्याशिवाय तो लागू होऊ नये. मूळ नोंद पुसली जाऊ नये, बदलाचं कारण लिहिलेलं असावं. हा नियम कशासाठी? ड्रायव्हरच्या रक्षणासाठी. २०११ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने आधीचा इलेक्ट्रॉनिक लॉगचा नियम रद्दच केला होता. स्वतंत्र ड्रायव्हरांची संघटना कोर्टात गेली होती आणि कोर्टाने विचारलं, या यंत्रातून कंपन्या ड्रायव्हरला छळणार नाहीत याची सोय काय केलीत? त्यानंतरच्या नियमात मग बऱ्याच गोष्टी आल्या. स्लीपरमध्ये असताना टॅबलेटचा आवाज बंद करता यायला हवा, ही त्यातलीच एक. कंपनीचा बदल ड्रायव्हरने स्वतः मान्य करायचा, यामागेही तीच काळजी.

आणि आम्ही काय केलं? २०१८ साली आमच्याकडे गिऱ्हाइकांची तक्रार यायची, की ड्रायव्हर लोक सुचवलेल्या बदलांना उत्तरच देत नाहीत. डॅशबोर्डवर लाल आकडे साठतात. मीटिंग झाली. कुणीतरी म्हणालं, बटण ठळक करू या. मीच म्हणालो असेन, मला खरंच आठवत नाही. अ‍ॅक्सेप्ट मोठं केलं, हिरवं केलं, अंगठा सहज पोचेल तिथे आणलं. दोन आठवड्यांत लाल आकडे खाली. सगळ्यांना केक! ज्या कुलपाची किल्ली ड्रायव्हरच्या हातात राहावी म्हणून कोर्टात भांडण झालं, ते कुलूप आम्ही इतकं गुळगुळीत केलं की नुसत्या धक्क्याने उघडावं.

आता तुम्ही म्हणाल, बापू काय लहान मूल आहे? वाचता येत नव्हतं? बरोबर. मीही त्याला तेच विचारलं. "तुला शिकवलं नव्हतं का?"

त्याने जे सांगितलं त्यावरून हा लेख लिहायचं ठरवलं.

फेब्रुवारी २०२२ पासून नव्या ड्रायव्हरला सरकारी यादीतल्या संस्थेतून ठरावीक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात कामाच्या तासांचे नियम आहेत, लॉग कसा भरायचा हेही आहे. लेखी परीक्षेत ८० टक्के मिळवायचे. किती तास शिकवायचं याचं मात्र बंधन नाही. बापूच्या शाळेत लॉगचा धडा एका दुपारी आटोपला. ११, १४, ७० हे आकडे पाठ केले, परीक्षा पास. खरा टॅबलेट शाळेत नव्हताच. तो दिसला कंपनीत, पहिल्या आठवड्यात, एका हॉलमध्ये पडद्यावर. तासाभरात सगळी बटणं. मग ट्रेनरबरोबर रस्त्यावर. ट्रेनर भला माणूस, पण त्याचं शिकवणं म्हणजे "हे दाब, आता ते दाब, ती पाटी आली की ओके कर, विचार नको करूस." आणि निम्मा वेळ एकजण चालवतोय तेव्हा दुसरा मागे झोपलेला.

मेसेजचंही तसंच. ट्रकमध्ये उपग्रहावरून मेसेज ही सोय १९८८ पासूनची, क्वालकॉम कंपनीने आणली. ती कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडून दहा वर्षांवर झाली, तरी जुने ड्रायव्हर कुठल्याही डब्याला क्वालकॉमच म्हणतात, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. त्या काळापासून मेसेजचे छापील फॉर्म असतात, त्यांना मॅक्रो म्हणतात. पोचलो त्याचा एक नंबर, माल भरला त्याचा दुसरा, गाडी रिकामी झाली त्याचा तिसरा. प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे. नवा ड्रायव्हर पहिले दोन आठवडे हे नंबर पाठ करण्यात घालवतो. ट्रेलर नंबर, सील नंबर, पोचायची वेळ, शिल्लक तास, सगळ्याला रकाना. इंजिनिअर म्हणून मला ही पद्धत फार आवडायची. नीटनेटका डेटा!

पण कुठल्याच फॉर्ममध्ये "मी दमलोय" याला रकाना नाही. ते सांगायचं तर कोरा मेसेज उघडून स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. आणि ते वाक्य कसं लिहायचं हे कुणी शिकवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. नव्या ड्रायव्हरला आपण यंत्र शिकवतो, पण यंत्रावर तो काय करतोय ते शिकवत नाही. तो साक्ष देतोय! रोज रात्री तो 'सर्टिफाय' दाबतो तेव्हा वर लिहिलेलं असतं, की या चोवीस तासांच्या नोंदी खऱ्या आणि बरोबर आहेत असं मी प्रमाणित करतो. कोर्टात शपथ घेताना माणूस क्षणभर थबकतो. इथे थबकायला जागाच ठेवलेली नाही. आणि गंमत बघा, फ्लीटच्या सिस्टिममधून गेलेले मेसेज हेही नियमानुसार लॉगचे पूरक कागद धरले जातात. कंपनीने ते लॉगबरोबर सहा महिने जपायचे असतात. म्हणजे दहा-चाळीसला बापू लिहितो "पॅलेट रचतोय", आणि लॉग म्हणतो त्या वेळी बापू विश्रांती घेत होता. दोन्ही साक्षी एकाच माणसाच्या, एकाच टॅबलेटवरच्या, एकाच डेटाबेसमधल्या. दोन टेबलं शेजारी शेजारी. सहा वर्षं मी ती टेबलं रोज बघत होतो, एकदाही ती जोडून बघावीशी वाटली नाही.

मग करायचं काय? मला सुचतं ते असं.

पहिलं, शिकवताना सुरुवात कागदापासून करा. हसू नका. यंत्र बिघडलं तर वापरायला निदान आठ दिवस पुरतील एवढे कोरे आलेख प्रत्येक ट्रकमध्ये ठेवावेच लागतात. यंत्र बंद पडलं की ड्रायव्हरने चोवीस तासांत कंपनीला लेखी कळवायचं आणि तो दिवस व मागचे सात दिवस कागदावर उभे करायचे. पण नव्या पोराने आयुष्यात एकदाही ती रेघ ओढलेली नसते. पहिले आठ दिवस त्याला टॅबलेटबरोबर कागदही भरायला लावा. आपल्या हाताने स्लीपरची रेघ ओढताना "मी तेव्हा झोपलो होतो का?" हा प्रश्न पडतोच. बटण दाबताना पडत नाही. आपण कॅल्क्युलेटरच्या आधी पाढे शिकवतो ते का?

दुसरं, सरावाचा टॅबलेट द्या, ज्यावर चुका केल्या तरी कुणाच्या नावावर लागत नाहीत. प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीकडे टेस्टिंगसाठी खोटा ट्रक असतोच. तो शाळांना द्यायला काय लागतं? त्यावर खोटा डिस्पॅचर खोटा बदल पाठवेल आणि विद्यार्थ्याने तो नाकारून दाखवायचा, कारण लिहून. नाकारता आला तरच पास.

तिसरं, तीन वाक्यं पाठ करून घ्या. "या वेळेत मी काम करत होतो, म्हणून हा बदल मान्य नाही." "माझे तास इतके वाजता संपतात, त्याआधी मी अमुक ठिकाणापर्यंत पोचेन." आणि "मी थकलोय, पुढे चालवणं सुरक्षित नाही." तिसऱ्या वाक्यामागे कायदा उभा आहे. थकल्यामुळे चालवायची ताकद उणावली असेल तर ड्रायव्हरने चालवू नये आणि कंपनीने चालवायला लावू नये, घड्याळात तास शिल्लक असले तरी. २०१६ पासून अशा जबरदस्तीविरुद्ध ९० दिवसांत तक्रारही करता येते. पण ज्याला वाक्यच लिहिता येत नाही तो तक्रार काय करणार?

चौथं आमच्यासाठी. दोन्ही बटणं सारखी करा. बदलाआधीचा आणि नंतरचा आलेख वर-खाली दाखवा. आणि साध्या भाषेत लिहा: "हे मान्य केलंत तर ८:३० ते १:३० तुम्ही विश्रांती घेत होतात असं तुम्ही म्हणताय." त्याच वेळेत ड्रायव्हरचा मेसेज असेल तर तो शेजारी दाखवा. हे सगळं दोन आठवड्यांचं काम आहे, मी केलं आहे म्हणून सांगतो.

दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. डिस्पॅचर काही राक्षस नसतो. तो एकाच वेळी तीस-चाळीस ट्रक सांभाळतो, त्याच्याही डोक्यावर आकडे असतात. पुष्कळदा बदल खरेच असतात. नवे ड्रायव्हर स्लीपर लावायला विसरतात, सकाळी उठून बघतात तर रात्रभर ऑन ड्यूटी. अशा वेळी कंपनीने सुचवलेला बदल म्हणजे मदतच. आणि ड्रायव्हर लोकांना मैलावर पैसे मिळतात, त्यामुळे चार मैल जास्त जावेत हे त्यांनाही हवं असतं. "मला कुणी जबरदस्ती केली नाही," बापू स्वतःच म्हणाला, "मलाही पोचायचंच होतं." खरं आहे. पण म्हणूनच तर शिकवायला हवं ना? दोघांनाही घाई असते तेव्हा मध्ये उभं राहायला तिसरं कुणी नसतं, एक बटण सोडून.

आपल्याकडचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पाच तास सलग काम झालं की अर्धा तास विश्रांती. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या धाब्यावर कुणा ट्रकवाल्याला हे विचारून बघा. उद्या तिथेही टॅबलेट येतील, आणि ते लिहिणारे आपल्यातलेच कुणी असतील. तेव्हा हे बटण लक्षात राहो.

असो. फोनवर शेवटी मी बापूला विचारलं, "मग आता?"

"लॉग परत सरळ केला. ऑन ड्यूटी, पाच तास, शेरा मारला: पॅलेट रचत होतो."

माझ्या पोटात गोळा आला. कारण खरी नोंद केली की १४ तासांची खिडकी पुन्हा सातला बंद होते, आणि त्यानंतर तो दीड-पावणेदोन तास चालवत होता. म्हणजे उल्लंघन, त्याच्याच नावावर. खोटं तसंच राहू दिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"अरे, पण..." मी म्हटलं.

"वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला," बापू म्हणाला. "आपली सापडली तर बग क्लोज करून टाकू?"

तो सध्या किंगमनला एका ट्रक स्टॉपवर ३४ तासांची सुट्टी काढतोय. सोमवारी कंपनीच्या सेफ्टीवाल्यांचा फोन येणार आहे. काय होईल ठाऊक नाही. वहिनींना त्याने अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तुमच्यापैकी जे त्याला ओळखतात त्यांनी कृपया गप्प बसावं.

मी फोन ठेवला, चहा केला, आणि जुन्या कंपनीतल्या एका मित्राला मेल लिहिली. वर विषय टाकला: हिरवं बटण. आज आठवडा झाला, उत्तर आलेलं नाही. उद्या रविवारी फोनच करतो त्याला. सकाळी सव्वासातला.